शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



पंचवीस वर्षं झाली. बिरसीत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी काढायची म्हटल्यावर बँकेतले माझे सहकारी हसले होते. "तिथं धानाच्या बांध्या आणि इंग्रजांच्या काळातली एक धावपट्टी, बाकी काय आहे?" असं म्हणाले होते. आता त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानं ये-जा करतात आणि त्यातलेच एक सहकारी मला विचारतात, तुमच्याकडे एखादा प्लॉट निघेल का. असो. रस्ता, बोअर, नाली, डीपी हा सगळा इतिहास सचिव साहेबांनी तपशीलवार सांगितलाच आहे. मी तो पुन्हा सांगत नाही.

मला समितीनं विषय दिला 'सुखी कुटुंब'. मी म्हटलं, विषय उत्तम आहे, पण त्यातला जो भाग आपण सभेत कधी बोलत नाही तोच मी घेतो. तो म्हणजे घरातली मारझोड, शिवीगाळ, कोंडमारा. दोघा-तिघांनी सुचवलं की सणासारख्या दिवशी असला विषय कशाला. त्यांना मी कारण सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. मागच्या वार्षिक सभेत एक विषय आला होता. ज्या घरांचं शेअर सर्टिफिकेट एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे, त्यांनी स्वखुशीनं पत्नीचं नाव मालकीत घ्यावं, आणि संस्थेनं त्या कामात मदत करावी, असा तो ठराव. तो पुढे ढकलला गेला. एका सभासद मित्रानं सांगितलं की अशानं नवरा-बायकोत संशय निर्माण होतो. दुसरे म्हणाले, हा ज्याच्या-त्याच्या घरचा मामला आहे, संस्थेनं नळ आणि दिवाबत्ती बघावी. दोघंही माझे जुने स्नेही आहेत, समोर बसले आहेत. त्यांचं म्हणणं मला पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही हे सांगायला मी उभा आहे.

मी बँकेचा माणूस. आकडे पाहिल्याशिवाय माझी गाडी पुढे जात नाही. म्हणून आधी मोजमापाचं बोलतो.

घरातल्या मारहाणीचं मोजमाप करता येतं, हेच पुष्कळांना खरं वाटत नाही. कोण सांगणार? पण मोजलं गेलं आहे, आणि फार लांब नाही, आपल्या नागपुरातही. १९९० नंतरच्या दशकाच्या शेवटी देशातल्या सात ठिकाणी एक मोठी पाहणी झाली. भोपाळ, चेन्नई, दिल्ली, लखनौ, नागपूर, तिरुवनंतपुरम आणि वेल्लोर. वैद्यकीय महाविद्यालयांतले डॉक्टर त्यात होते. प्रत्येक ठिकाणी खेडं, झोपडपट्टी आणि शहरातली चांगली वस्ती, तिन्हीकडे घरोघर जाऊन विचारलं. सुमारे दहा हजार विवाहित बायकांशी बोलणं झालं. २००० साली अहवाल आला. संसारात कधी ना कधी कोणत्या तरी प्रकारचा छळ सोसला असं सांगणाऱ्या जवळपास निम्म्या निघाल्या. शारीरिक मारहाण सोसलेल्या शंभरात चाळीस.

चांगल्या वस्तीत हे प्रमाण कमी होतं, पण शून्याच्या जवळपास कुठंच नव्हतं. पक्की घरं, नोकरदार माणसं, शिकलेली मुलं, म्हणजे आपल्यासारखीच वस्ती. 'आपल्यात असं नसतं' हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. पाहणी त्याच्या बाजूनं साक्ष देत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हे प्रश्न विचारू लागले. पाचवं सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळातलं. त्यात महाराष्ट्रात विवाहित बायकांपैकी सुमारे २५ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. चारातली एक. देशाचा आकडा २९ टक्के. मात्र मला यापेक्षा मोठा धक्का दुसऱ्या दोन आकड्यांनी दिला. एक म्हणजे, काही कारणांसाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणारे पुरुष ४४ टक्के आणि बायका ४५ टक्के. बायका एका टक्क्यानं जास्तच! दुसरा आकडा, ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली त्यांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. आई नाही, बहीण नाही, शेजारीण नाही. पोलिसांकडे जाणं तर फार दूर.

बँकेत आम्ही थकीत कर्जाचा आकडा काढतो तेव्हा खातं कागदावर तरी दिसतं. इथं चारातली तीन खाती वहीतच नाहीत.

आता, हे कशामुळे होतं, आणि कशामुळे थांबतं? त्या सात ठिकाणच्या माहितीचा पुढे बारकाईनं अभ्यास झाला. जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींत नवऱ्याचं नियमित दारू पिणं आलं, ते आपल्याला ठाऊकच आहे. हुंड्यावरून जाच आला. पण त्यासोबत एक गोष्ट आली की लहानपणी घरात बापाला आईवर हात उचलताना पाहिलेलं असणं, किंवा स्वतः जबर मार खाल्लेला असणं. म्हणजे हे शिकलं जातं. आपल्या ओसरीवर खेळणारी पोरं पाटीवर जेवढं शिकत नाहीत तेवढं भिंतीपलीकडून ऐकून शिकतात. आणि बाईचं रक्षण करणाऱ्या गोष्टींत एक होती आधार. जिच्या मागे माणसं आहेत, जिला हाक मारायला कुणी आहे, तिच्यावरचा मार कमी. माझ्या मते आपल्या सोसायटीच्या दृष्टीनं हा सगळ्यात कामाचा निष्कर्ष.

शिकलं जातं तर दुसरं काही शिकवताही येईल, या विचारानं मुंबईत एक प्रयोग झाला. २००८ च्या सुमारास महापालिकेच्या ४५ शाळांत, सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वुमन, कोरो ही संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था, तिघांनी मिळून केला. शाळांचे तीन गट पाडले. एका गटात वर्गात गटचर्चा, खेळ, प्रश्नोत्तरं आणि जोडीला शाळेत मोहीम. दुसऱ्यात नुसती मोहीम. तिसऱ्यात काहीच नाही, तुलनेसाठी. बाईचं काम-पुरुषाचं काम, मारणं योग्य की अयोग्य, याबद्दल मुलांची मतं आधी आणि नंतर तपासली. जिथं वर्गात बसून बोलणं झालं तिथं मतं जास्त बदलली. भिंतीवर पोस्टर लावून होणारं काम तेवढंच राहतं, हे आम्हा बँकवाल्यांना बचत पंधरवड्यापासून माहीत आहे! पुढे राज्य सरकारनं या कार्यक्रमातला काही भाग सरकारी शाळांपर्यंत नेला.

हरियाणात याहून मोठा प्रयोग झाला, ३१४ शाळांत. अडीच वर्षं वर्गात चर्चा. जुनाट मतांपैकी सुमारे १६ टक्के मतं पालटली असा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. सोळा टक्के म्हणजे थोडं वाटतं. पण अडीच वर्षांत, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचं, आणि तेही हरियाणात! मात्र खरं तेच बोललं पाहिजे. मत बदलणं वेगळं आणि वीस वर्षांनी लग्न झाल्यावर हात आवरणं वेगळं. हे दुसरं मोजायला अजून वेळ जावा लागेल. तोपर्यंत आपल्या इथल्या शाळेत गुरुजींनी असे तास घेतले तर नुकसान काहीच नाही.

पुरुषांनी पुरुषांशी बोलावं म्हणून मुंबईत १९९३ साली 'मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज', म्हणजे 'मावा', ही संस्था निघाली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी महाविद्यालयातल्या तरुणांमध्ये काम करतात. त्यांचा 'पुरुष स्पंदन' हा अंक मिळाला तर आपल्या वाचनालयात ठेवावा अशी माझी सूचना आहे. आपल्या वाचनालयात सध्या भविष्याची पुस्तकं जास्त झाली आहेत.

आता शेजाऱ्यांकडे येतो. २००८ साली टीव्हीवर एक जाहिरात लागायची, 'बेल बजाओ'. ब्रेकथ्रू संस्थेची. शेजारच्या घरातून मारझोडीचा आवाज येतो. एक माणूस उठतो, त्या दारावर जातो, बेल वाजवतो. दार उघडल्यावर काहीतरी किरकोळ विचारतो. एवढंच. उपदेश नाही, भांडण नाही. तुम्ही ऐकता आहात हे आतल्या माणसाला कळतं.

ती जाहिरात मी पाहिली तेव्हा मला हसू आलं, कारण आपल्या वसाहतीत ती आधीच होऊन गेली होती. नावं-घरं सांगणार नाही. ते कुटुंब आता इथं नाही. त्या घरातून रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास आवाज सुरू झाला की शेजारच्या एक काकू वाटी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. "विरजण आहे का गं थोडं?" त्यांच्या स्वतःच्या घरी दह्याचं भांडं भरलेलं असायचं. विरजण मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. मग दारातच बसून धानाच्या भावापासून सगळ्या गप्पा. आठवड्यातून दोनदा, तीनदा विरजण. नवरा वैतागला, कुणाकडे तरी तक्रारसुद्धा केली की या बाईला विरजणाचा नाद लागला आहे. पण आवाज कमी होत गेले. त्या काकू आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मी नाव घेतलं तर उठून जातील म्हणून घेत नाही.

मी नंतर त्यांना विचारलं, भीती नाही वाटली का? म्हणाल्या, "भाऊजी, मी काय भांडायला जात होते? मी दही मागायला जात होते."

पण प्रत्येक वेळी विरजणानं भागत नाही. तिथं कायदा येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ पासून. यातली चार-पाच कलमं प्रत्येक सभासदाला माहीत पाहिजेत असं मला वाटतं. हिंसा म्हणजे नुसती मारहाण नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. लैंगिक छळ आला, शिव्या आणि अपमान आला, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं आलं. आणि आर्थिक छळ आला. घरखर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन विकून टाकणं, तिच्या हक्काच्या गोष्टींपासून तिला तोडणं. बँकेत मी जे रोज पाहिलं त्याला कायद्यात नाव आहे, हे मला निवृत्तीच्या थोडं आधी कळलं.

दुसरं, कलम चार. अशी हिंसा होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असं सकारण वाटणारा कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. नातेवाईकच पाहिजे असं नाही. आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. 'आपण मध्ये पडलो तर आपल्यावरच केस होईल' ही जी आपली नेहमीची सबब आहे, तिला कायद्यानं वीस वर्षांपूर्वीच उत्तर दिलं आहे. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. बाईला तातडीची मदत हवी असेल तर १८१ आणि ११२ हे नंबर आहेत, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. हे चार नंबर नोटीस बोर्डावर थकबाकीदारांच्या यादीच्या वर लावावेत, म्हणजे सगळ्यांच्या नजरेस पडतील. थकबाकीची यादी सगळे वाचतात.

इथं एक शंका हमखास येते की कायद्याचा गैरवापर होतो. होत नाही असं मी म्हणणार नाही. कोणता कायदा आहे ज्याचा झाला नाही? चेक न वटल्याच्या कायद्याचा गैरवापर मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून कुणी चेक बंद केले नाहीत. लोकांच्या मनात असतं ते जुनं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. ते फौजदारी आहे आणि तिथंही उठसूट अटक करू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बजावलं आहे. २००५ चा कायदा वेगळा. त्यात बाई मुख्यतः मागते ती संरक्षणाचा आदेश, राहण्याची सोय, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा. नवऱ्याला तुरुंगात धाडण्याची वेळ येते ती त्यानं आदेश मोडला तर. पुष्कळ बायकांना तेवढंच हवं असतं. संसार मोडायचा नसतो, मार थांबायला हवा असतो.

तंटामुक्त समितीतही काही दिवस मी बसलो आहे. २००७ साली ही मोहीम सुरू झाली तेव्हा बांधाचे, पाण्याचे, वाटणीचे पुष्कळ तंटे गावातच मिटले, ते चांगलं झालं. नवरा-बायकोच्या तंट्यात मात्र मला एक गोष्ट खटकायची. समेट झाला की फाइल बंद, आणि समेट म्हणजे बहुधा बाईनं परत जाणं. ती गेल्यावर महिन्यानं कुणी विचारायला जायचं नाही. कर्ज पुनर्गठित केलं की आम्ही दर तिमाहीला त्याची पाहणी करायचो. संसार पुनर्गठित केल्यावर पाहणी नको?

मुंबईत याबाबतीत दोन जुनी आणि चांगली उदाहरणं आहेत. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या सोबतीनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसलेले प्रशिक्षित समाजसेवक, वर्दीतले नव्हेत. तो पुढे राज्यात पसरला. आणि २००० साली बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संशोधन संस्थेनं 'दिलासा' केंद्र काढलं. कारण साधं होतं. मार खाल्लेली बाई पोलिसात जात नाही, पण दवाखान्यात जाते. "पाय घसरून पडले" म्हणते. डॉक्टर टाके घालतात, गोळ्या देतात, आणि ती परत त्याच घरी जाते. दिलासानं डॉक्टर-नर्सना शिकवलं की पुढचा प्रश्न विचारा, एकांतात विचारा, आणि तिचं म्हणणं कागदावर लिहा. आता जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रं आहेत, तिथं दवाखाना, पोलीस, वकील, निवारा एका छताखाली मिळावा असा हेतू आहे.

हे सगळं मार पडल्यानंतरचं झालं. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे, आणि तो घराच्या कागदाचा आहे.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पंडा आणि बीना अगरवाल या अभ्यासकांनी सुमारे ५०० बायकांची पाहणी केली, २००५ साली ती छापून आली. त्यांनी एक प्रश्न विचारला जो आधी फारसा कुणी विचारला नव्हता की तुझ्या नावावर घर आहे का? जमीन आहे का? ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी ४९ टक्के बायकांनी मार खाल्ला होता. नावावर जमीन असलेल्यांत १८ टक्के. घर असलेल्यांत १० टक्के. दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. शिक्षण, उत्पन्न, वय वगैरेचा फरक हिशेबात धरूनही मालमत्तेचा परिणाम उरला.

एकोणपन्नास आणि दहा. मी तो तक्ता तीनदा वाचला.

आपल्याला वाटतं की बाई कमावती झाली की झालं. तसं सरसकट नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पगार मिळवणाऱ्या बायकांनी हिंसा जास्तच नोंदवली आहे. पगार काढून घेता येतो, नोकरी सोडायला लावता येते, पगारावरून भांडण होतं. बँकेत आम्ही हे रोज पाहायचो. एका बाजाराच्या दिवशी एक बाई काउंटरवर आली. बचत गटाची सदस्य, रोवणीच्या मजुरीचे पैसे जपून टाकणारी. पासबुक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, हे पुस्तक तुमच्यापाशीच राहू द्या. घरी नेलं की रक्कम दिसते, आणि रक्कम दिसली की रात्री होते." काय होते ते तिनं सांगितलं नाही. ग्राहकाचं पासबुक बँकेनं ठेवून घेणं नियमात बसत नाही, ते मी तिला समजावलं. मग तिनं ते गटाच्या अध्यक्षबाईकडे ठेवलं. आता जनधन झालं, लाडक्या बहिणीचे दीड हजार थेट तिच्या खात्यात येतात, ही चांगलीच गोष्ट. पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे आणि पिन कुणाला पाठ आहे, हे एकदा आपापल्या घरी तपासा.

पैसा असा हातातून निसटतो. घर निसटत नाही. घर खिशात घालून दारूच्या दुकानात जाता येत नाही. 'नीघ माझ्या घरातून' हे वाक्य, जे मी कितीतरी घरांबाहेर उभं राहून ऐकलं आहे, ते बोलायचं तर घर 'माझं' असावं लागतं. दोघांचं असेल तर ते वाक्यच होत नाही. मार सोसून राहायला नको असेल तर तिला राहायला जागा आहे हे तिला माहीत असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यालाही माहीत असतं.

कुणी म्हणेल, कायद्यानं तिला राहण्याचा हक्क आहेच. बरोबर आहे. कलम १७ तसं म्हणतं, नाव कुणाचंही असो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून तिथं नांदत असेल तर ते तिचंही सामायिक घर ठरू शकतं. पण तो हक्क वकील लावून, तारखा करून मिळवायचा. शेअर सर्टिफिकेटवरचं नाव भांडण होण्याआधीच काम करतं. त्याला तारीख लागत नाही.

आणि ही कल्पना मी केरळातून आणलेली नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं, आणि पुष्कळांनी केली. राज्य सरकारनं २००३ साली 'घर दोघांचे' अभियान काढलं, गावठाणातल्या घरावर पती-पत्नी दोघांची नावं ग्रामपंचायतीच्या दफ्तरी लागावीत म्हणून. २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जे सरकारला सुचलं, शेतकऱ्यांना जमलं, ते आपल्यासारख्या पेन्शनवाल्यांना जड जाऊ नये.

आता संशयाचा मुद्दा. माझे मित्र म्हणतात नाव घातल्यानं संशय येतो. बँकेत हजारो संयुक्त खाती मी उघडली. एकानंही सांगितलं नाही की खातं जोडीनं उघडल्यामुळे संसार बिघडला. बिघडलेले संसार मी पाहिले ते एकट्याच्या खात्यावरून. आपल्या जिल्ह्याला सारसांचा अभिमान आहे, जोडीनं राहणारा पक्षी म्हणून आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो. घराच्या कागदावर मात्र जोडी दिसत नाही!

ज्येष्ठांसाठी एक वेगळी सूचना, कारण घरातली हिंसा सुनेवरच होते असं नाही. म्हाताऱ्या आईवर, वडिलांवरही होते, आणि ते तर अजिबातच कुणाला सांगत नाहीत. प्रेमापोटी घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे होऊ नका. करायचंच असेल तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळ झाला नाही तर तो दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर फार त्रास होतो. आणि पत्नीच्या हयातीत तिचं नाव वगळून तर मुळीच करू नका. मागे एकटी उरते ती बहुधा तीच असते.

शेवटी कामाचं. तीन शब्दांत आपली नेहमी गल्लत होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो विश्वस्तासारखा. सहयोगी सदस्य म्हणजेही मालक नव्हे, त्याला पहिल्या सभासदाच्या गैरहजेरीत काही हक्क मिळतात एवढंच. संयुक्त सदस्य हवा, म्हणजे घराच्या मालकीत दोघांचा हिस्सा, आणि त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. राहतं घर पतीनं पत्नीला किंवा पत्नीनं पतीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो आपापल्या मूल्यांकनाप्रमाणे सब-रजिस्ट्रार कार्यालयात आधी विचारून घ्या. घरावर कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी लागेल. ती मागायचं पत्र मी मराठीत आणि इंग्रजीत तयार करून सचिवांकडे दिलं आहे. दस्त झाला की त्याची प्रत संस्थेला द्यायची, समितीच्या सभेत नोंद होईल, मग शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला दुसरं नाव चढेल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्येही नाव लावून घ्यायला विसरू नका, नाहीतर घरपट्टी वर्षानुवर्षं एकाच्याच नावानं येत राहते.

पुढच्या चार रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या कार्यालयात बसणार आहे. फॉर्म भरून देईन, फी नाही. माझं आणि माझ्या सौभाग्यवतींचं काम झालेलं आहे, नमुना म्हणून आमचा दस्त पाहायला मिळेल. येताना मूळ शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत, दोघांची आधार आणि पॅन कार्डं आणा. आणि दोघंही या. नुसतं पतीराजांनी येऊन "तिची सही मी घेऊन येतो" म्हटलेलं चालणार नाही.